कडी तुझ्या बाजूला

छावणी,
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय आवडा,

सलाम. आज रविवार, म्हणजे तुझा वार. फोन दोघींकडे आहे, पण फोनवर आपण 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' याच्या पुढे कधी गेलोय? पिशोरच्या शाळेतून आपल्या बदल्या झाल्या, तू सोयगावला गेलीस, मी इकडे शहरात, छावणी भागात आले. तेव्हा लागलेली पत्राची खोड पेन्शन सुरू झाली तरी सुटत नाही. पोस्टमन परवा विचारत होता, "मॅडम, हल्ली पाकिटं फक्त बँकेची येतात. तुम्हाला हातानं लिहिलेलं कोण पाठवतं?" म्हटलं, माझी शेजारीण. त्यानं पाकिटावरचा सोयगावचा शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि सायकल काढली.

तर शेजारणी, ऐक. मिटमिट्याच्या प्लॉटवर माझा स्लॅब टाकून झाला. कडुबा मिस्त्रीनं सकाळी सातला सुरू केलं ते दिवस मावळायच्या आत आवरलं. आता रोज रिक्षानं जाते आणि स्लॅबवर पाणी सोडते. फरहान म्हणतो, अम्मी, माणूस लावू. माझं घर मी भिजवणार, त्याला माणूस कशाला? वर उभी राहिले की शेजारचा तुझा प्लॉट अख्खा दिसतो. नुसत्या बाभळी माजल्यात. शिक्षक सोसायटीनं सत्त्याण्णव साली चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा आपले नंबर लागून यावेत म्हणून तू गणपतीला नारळ बोलली होतीस आणि मी दर्ग्याला चादर. कोणाचं ऐकलं गेलं यावरून आपण वर्षभर वाद घातला.

त्या वर्षी तू आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा माझ्याकडे अजून आहे. दोन घरं, मधे एक भिंत, भिंतीत एक दार. स्वयंपाकघर मी त्या नकाशाप्रमाणे तुझ्याच बाजूला घेतलंय. कडुबा म्हणत होता, पलीकडे उजेड जास्त आहे. म्हटलं, असू दे.

आता एकच विचारायचंय. दाराची कडी कुठल्या बाजूला लावू? पिशोरला आपल्या दोन भाड्याच्या खोल्यांमधल्या दाराची कडी तुझ्या बाजूला होती. पहाटे पाचला ती वाजली की मी डोळे न उघडता स्टोव्हवर दोन कपांचं पाणी ठेवायची. लवकर कळव, सुतार खोळंबलाय.

तुझी
बिल्किस


सोयगाव,
२५ फेब्रुवारी २०२४

प्रिय बिल्किस,

नमस्कार. साठी उलटलेल्या बाईनं शिडीवर चढून स्लॅबवर पाणी सोडायचं आणि वर पत्रातून त्याची फुशारकी मारायची, हे तुलाच जमतं. पडलीस तर दोन बसा बदलून मलाच यावं लागेल, एवढं ध्यानात ठेव.

इथं ठीक आहे. हे गेल्याला आता दीड वर्ष होईल. बाकी सगळं जमतं, पण बाहेरून आलं की कुलूप उघडायला हात पुढे होत नाही. मग शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसते, शेंगा निवडू लागते. त्यांनाही आता कळलंय, ते मुद्दाम शेंगा राखून ठेवतात. ऋतुराज दर शनिवारी पुण्याहून फोन करतो. मोनिकाही बोलते, सून चांगली आहे. दोघं म्हणतात पुण्याला ये. मी म्हणते बघू.

माझ्या घराचं तू विचारलं नाहीस, तरी तुझ्या पत्रात ते ओळीओळीत दिसतं. दिवाळीनंतर बघू. घाई कशाची आहे?

कडी माझ्याच बाजूला लाव. रुसायची खोड तुला आहे, मला नाही. तुझ्या हातात कडी असती तर पिशोरला तू चार-चार दिवस दार उघडलं नसतंस. आठवतं ना, मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं म्हणून तू माझ्याशी अबोला धरला होतास? मी कडी काढून आत यायची, तुझ्या पुढ्यात बसायची, म्हणून आपलं टिकलं.

उन्हात जाऊ नकोस.

तुझी
आवडा


छावणी,
१४ एप्रिल २०२४

प्रिय आवडा,

ईद झाली. शीरखुर्म्याचा तुझा वाटा नातीनं, मुबश्शिरानं खाल्ला. पाच वर्षांची आहे, पण खाण्यात तुझ्यावर गेलीय.

घराचं प्लास्टर संपलं. कंपाउंडच्या भिंतीत दारापुरती जागा सोडलीय, तिच्यावरून घरात रोज तमाशा. फरहान म्हणतो, "अम्मी, कंपाउंड में दरवाजा कायकू? बिल्ली बी आयेंगी, चोर बी आयेंगा." त्याला म्हटलं, बेटा, तुला घरी बसवून पाढे शिकवले ती बाई येणार आहे. कडीचं ऐकून तर कडुबानं थापी खाली ठेवली. म्हणाला, "बाई, आजवर लई घरं बांधली. पण कडी शेजाऱ्याच्या हाती देनारं गिऱ्हाईक नाय पाहिलं." मी म्हटलं, आता पाहा.

एक गंमत सांगायची राहिली. परवा एक माणूस टेप घेऊन तुझा प्लॉट मोजत होता. फरशीचा व्यापारी आहे म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, तुमचा नंबर चुकला, हा आमच्या आवडाबाईंचा प्लॉट आहे. गेला बिचारा. तुला यातलं काही माहीत आहे का?

तुझ्या उत्तराची वाट पाहते. कडुबाला तोवर भिंतीचं काम थांबवायला सांगितलंय.

तुझी
बिल्किस


(हे पत्र आवडाबाईंनी लिहिलं, पाकिटात घातलं, वर पत्ताही घातला. पेटीत मात्र टाकलं नाही.)

सोयगाव,
२१ एप्रिल २०२४

प्रिय बिल्किस,

त्या माणसाचा नंबर चुकला नाही. प्लॉट मी विकायला काढला आहे. संक्रांतीच्या आधीच त्याच्याकडून इसार घेतला. म्हणजे तू कडी कुठं लावू म्हणून विचारलंस, तेव्हाही हे होऊन गेलं होतं. तरी मी हसत-हसत लिहिलं की माझ्या बाजूला लाव. असं का लिहिलं ते मला सांगता येत नाही. ते लिहिताना पाच मिनिटं खरंच वाटलं की आपण तिथं राहणार आहोत.

ऋतुराजनं पुण्यात फ्लॅट पाहिलाय, त्यात मला वेगळी खोली आहे. त्यानं जोर केला नाही. एवढंच विचारलं, "आई, त्या माळावर नवं घर बांधून तू एकटी राहशील का?" मला हो म्हणता येईना. दिवसभर तू आहेस गं, पण सात वाजता तू तुझ्या माणसांत जाशील आणि मी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरेन. सत्त्याण्णव साली नकाशा काढला तेव्हा माझ्या घरात हे होते.

खरेदीखत दिवाळीनंतर व्हायचंय. तोवर मोडता येईल. तू एकदा म्हण, 'आवडा, विकू नकोस.' तू म्हटलंस तर मी ऋतुराजला सांगेन. माझ्या मनानं मला ते होणार नाही, कोणीतरी हाताला धरून ओढायला पाहिजे.

आवडा


सोयगाव,
५ मे २०२४

प्रिय बिल्किस,

उत्तराला उशीर झाला. ऊन फार आहे, लिहायला बसवत नाही.

त्या माणसाचा नंबरच चुकला असेल. त्या बाजूला प्लॉटचे दगड कुठं जागेवर आहेत? तू बरं केलंस सांगून. तुझं काम थांबवू नकोस, दार बसवून घे.

मुबश्शिराला पापा.

तुझी
आवडा


छावणी,
२१ जुलै २०२४

प्रिय आवडा,

तुझं पत्र मेमध्येच मिळालं. या वेळी उशीर माझ्याकडून झाला.

दार बसलं. सागाचं नाही, साधंच आहे, पण हिरवा रंग दिलाय. कडी तुझ्या बाजूला. शेवटच्या दिवशी कडुबानं पलीकडून कडी घातली आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण बाभळींत उभे आहोत. रस्त्यानं लांब वळसा घालून, पँटीला काटे लावून परत आला. "झालं बाई तुमच्या मनासारखं," म्हणाला. मी हसले नाही याचं त्याला नवल वाटलं असावं.

रविवारी, १८ ऑगस्टला आम्ही राहायला जातोय. तू दोन दिवस आधी ये. ते दार मी कोणाला उघडू देणार नाही, तुझ्या बाजूनं तूच उघडायचंस. तुला काही सांगायचं असलं तर आल्यावर सांग, नाहीतर लिही. मी हल्ली रिकामीच असते.

बिल्किस


सोयगाव,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय बिल्किस,

गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर बसनं जाऊ नका म्हणतात. ऋतुराजला गाडी घेऊन बोलवावं तर त्याला सुट्टी नाही. माझं मन तिथंच असेल, हे तुला लिहायची गरज नाही.

एसटीच्या कंडक्टरबरोबर कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवते. तुला आवडतं तसं, गूळ न घातलेलं. नव्या घरात सांभाळून राहा. ओल्या फरशीवरून चालताना भिंत धरत जा.

तुझी
आवडा


मिटमिटा,
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय आवडा,

नव्या पत्त्यावरून पहिलं पत्र. बरणी मिळाली.

आम्ही राहायला आलो. आधी मी कुराणशरीफ घेऊन आत आले, मागून सून नौशीन पाण्याची घागर घेऊन, आणि तिच्या पायांतून वाट काढत मुबश्शिरा सगळ्यांच्या पुढे. दुपारी पठण झालं, मग जेवणं. कडुबाला फरहाननं नवे कपडे केले. तो ते घालून उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मला म्हणाला, "बाई, आता मीच पाहुणा झालो." सगळे खूश होते. मीही सगळ्यांशी हसून बोलत होते आणि दर घटकेला काहीतरी आणायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बाहेर बघत होते.

नकाशाप्रमाणं सगळं आलंय. ओट्यापासून दारापर्यंत सात पावलं. मुबश्शिरा विचारते, "दादी, ये दरवाजा किसका है?" मी सांगितलं, आवडानानीचं. ती म्हणाली, "तो नानी खोलती कायकू नहीं?" मुलांना सगळंच विचारायचं असतं.

गुडघ्याला तेल लाव.

बिल्किस


पुणे,
८ डिसेंबर २०२४

प्रिय बिल्किस,

पत्ता बघून तुला निम्मं कळलं असेल. उरलेलं सोबतच्या पत्रात आहे. ते एप्रिलमध्ये लिहिलं होतं. सात महिने पाकिटासकट माझ्या पिशवीत होतं, त्याच्या कडा मळल्या आहेत. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? तेव्हा पाठवलं असतं तर आज मी कुठं असते कोण जाणे. गुडघा दुखतच होता, पण बसनं येता आलं असतं. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

प्लॉटची खरेदी १२ नोव्हेंबरला झाली. त्या दिवशी सकाळी ऋतुराजला म्हटलं, तू वकिलाकडे हो पुढे, मी एकदा जागा बघून येते. साडेनऊ वाजले असतील. बाभळी त्या माणसानं आधीच काढून टाकल्या होत्या, सरळ भिंतीपर्यंत जाता आलं. हिरवं दार पाहिलं. माझ्या खांद्याच्या उंचीला कडी होती, पिशोरला होती तेवढ्याच उंचीवर. आतून तुझा आवाज येत होता. दूध सांडलं म्हणून तू मुबश्शिराला रागावत होतीस आणि रागावता-रागावता तिचीच समजूत घालत होतीस.

मी कडी उचलली. अर्धीच. सही व्हायला अडीच तास होते. आत आले असते, तुझ्या पुढ्यात बसले असते, तर मी सही केली नसती. हे मला उभ्या उभ्या पक्कं कळत होतं, आणि म्हणूनच आत आले नाही. तू 'विकू नकोस' म्हटल्यावाचून मला उघडायचं नव्हतं आणि मी कळवल्यावाचून तू म्हणणार कुठून? कडी हळूच खाली सोडली, तरी थोडा वेळ दाराशीच उभी राहिले. मग मागं न बघता रस्त्यापर्यंत आले. ऋतुराज म्हणाला, "आई, डोळे लाल कायले झाले?" म्हटलं, धूळ गेली.

इथं अकराव्या मजल्यावर आहोत. मुलं जीव लावतात. कुलूप मला उघडावं लागत नाही, कोणीतरी घरात असतंच. ज्यासाठी विकलं ते मिळालं. तरी पहाटे पाचला जाग येते आणि हात भिंतीकडे जातो.

मी तुला फसवलं, बिल्किस. त्याला दुसरा शब्द नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

आवडा


मिटमिटा,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय आवडा,

तू फसवलंस म्हणतेस. फसवल्याचा एवढा एक मान तरी तुझ्याकडे राहू दिला असता, पण तोही देता येत नाही. टेप घेऊन आलेल्या त्या माणसाचा नंबर चुकला नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्यानं ऋतुराजचं नाव सांगितलं, मोबाइलवर इसाराचा कागद दाखवला, खाली तुझी सही होती. तुझी सही मी नाही ओळखणार? अकरा वर्षं एकाच हजेरीपटावर सह्या केल्या आपण.

म्हणजे 'एक गंमत सांगायची राहिली' असं मी लिहिलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं. कडुबानं विचारलं, "बाई, मग बुजवू का जागा?" म्हटलं, पत्र येऊ दे. तुझं पत्र आलं, नंबर चुकला असेल म्हणून. मी कडुबाला म्हटलं, दार बसव, कडी पलीकडूनच लाव. मला तुझी परीक्षा घ्यायची होती. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, तीच खोड. प्रत्येक पत्रात एक प्रश्न घालायचे आणि तू चुकलीस की मनात लाल रेघ मारायचे.

सरळ का विचारलं नाही, तेही सांगते, आता लपवून काय करू? मला भीती वाटत होती. हल्ली या शहरात कोणी घर विकलं, जागा विकली, की लोक आधी शेजारी कोण आहे ते बघतात. मला वाटलं, ऋतुराज तुला म्हणाला असेल, आई, त्या लोकांच्या शेजारी नको. माझ्या हातचं खाऊन वाढलेल्या पोराबद्दल मला असं वाटलं. ते तुझ्या अक्षरात वाचायची माझी हिंमत नव्हती. आणि त्यात होतं काय? कुलूप. तुला एकटीला कुलूप उघडायचं नव्हतं. हे तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस, शेंगांसकट. मी ते वाचून पुढे गेले. एप्रिलमधलं पत्र आलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी सोयगावला आले असते आणि तुला हाताला धरून आणलं असतं. दोन घरं कशाला हवी होती? माझ्याकडे एक खोली जास्तीची आहे. तीत आता फरहानची सायकल आणि रंगाचे डबे आहेत.

नवा शेजारी वाईट नाही. त्यानं पत्र्याचं गोदाम उभं केलंय, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. दाराला त्याच्या बाजूनं कुलूप घातलंय आणि पुढे फरशीच्या पेट्या रचल्यात. एकदा येऊन विचारून गेला, "मावशी, हे दार कशाला ठेवलं होतं?" मी म्हटलं, नकाशात होतं.

कडुबा अधूनमधून येतो, बुजवू का म्हणून विचारतो. अजून हो म्हटलेलं नाही. तू ये. पुढच्या दारानं ये, बेल आहे. लोणचं अजून अर्धी बरणी आहे, एकटीनं संपत नाही.

तुझी
बिल्किस

ता. क. हे लिहायचं नाही असं ठरवून पाकीट चिकटवलं होतं, पण ते पुन्हा फोडलं. १२ नोव्हेंबरला सकाळी मी ओट्यापाशी होते. कडी वाजली. तुला वाटलं हळूच सोडलीस, पण ती वाजली. बाकी कोणाच्या हातून ती तशी वाजत नाही. माझ्या हातांनी मला न विचारता गॅसवर दोन कपांचं पाणी ठेवलं. मग सात पावलं चालून मी दारापाशी आले. तू पलीकडे उभी होतीस, मला तुझा श्वास ऐकू येत होता. मला उघडता येत नव्हतं, कडी तुझ्या बाजूला होती. पण हाक मारता येत होती. नुसतं 'आवडा' म्हणायचं होतं. मनात म्हटलं, उघडायचंय तर तीच उघडेल, रुसायचा हक्क माझा आहे. मुबश्शिरानं विचारलं, "दादी, कौन है?" मी म्हटलं, कोणी नाही. मग तुझी पावलं लांब गेली आणि मी परत येऊन बघते तर पाणी उकळलं होतं. चहा केला. दोन्ही कप मीच प्याले.